म्हटलंय तेवढंच धरायचं

माझी वहिनी रीझनिंगमध्ये नापास झाली हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खो-खो हसले होते. जिन्यातल्या पावलांवरून जिला कळायचं की दादा आज साहेबाशी भांडून आलाय, मी फोनवर नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी जी विचारायची, "काय गं, कोणाशी वाजलं?", त्या बाईला तर्क करता येत नाही असं एखादी परीक्षा म्हणत असेल, तर खोट परीक्षेतच असणार. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा त्याच विभागात अडकली तेव्हा मी हसले नाही. तिसऱ्या वर्षी तर आमच्या घरात त्या शब्दाची धास्तीच बसली होती.

आम्ही तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. दादा लिफ्ट दुरुस्त करतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर त्याने स्वतःच इतक्यांदा विनोद केलाय की आता पाहुणेसुद्धा हसत नाहीत. मी दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. माणसाचं तोंड उघडं असतं तेवढा वेळ तो बोलू शकत नाही, म्हणून मला माझं काम आवडतं. वहिनीचं नेमकं उलट. ती अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायची. कानाला हेडफोन, समोर पडदा, पडद्यावर ठरलेले प्रश्न. श्वास चालू आहे का, शुद्धीवर आहे का, रक्त जातंय का. पलीकडचा माणूस उत्तरं देतो, ही कळा दाबते, आणि कॉल एक तर 'तातडीचा' ठरतो नाही तर 'साधा'. तातडीचा असेल तर गाडी लगेच निघते. साधा असेल तर जेव्हा एखादी मोकळी होईल तेव्हा.

पण नुसत्या पडद्यावरच्या प्रश्नांनी भागत नाही, हे तिथे पहिल्या दिवसापासून शिकवतात. तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक जुना सहकारी बसायचा. सगळी कंट्रोल रूम त्याला मामा म्हणते. तो तिला म्हणाला होता, "फोन करणारा अर्धंच सांगतो. उरलेलं आपण भरायचं." आणि खरंच आहे ते. लोक ताकाला जातात आणि भांडं लपवतात. बाप जिन्यावरून पडला म्हणून फोन करतात, तो किती प्यायला होता ते सांगत नाहीत. 'थोडंसं दुखतंय' म्हणतात आणि मागे कोणीतरी कण्हत असतं. ते उरलेलं अर्धं वहिनी असं भरायची की नव्या पोरींना तिच्या शेजारी बसवून ऐकायला लावत. त्या दिवसांत ती कामावरून यायची ती ताठ मानेने यायची. मला तिचा थोडा हेवा वाटायचा, ते कबूल करते.

मग तो एक फोन आला. दुपारची वेळ होती. एका बाईने फोन केला की शेजारचे आजोबा दार उघडत नाहीत, कालपासून घरात दिवाही दिसला नाही. वहिनीने विचारलं, आतून काही आवाज येतोय का? नाही, म्हणाली. मग तीच बाई म्हणाली, "बहुतेक मुलीकडे गेले असतील हो. उगाच तुम्हाला त्रास दिला. राहू दे." तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर रस्त्यावरचा अपघात वाजत होता. वहिनीने 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. आजोबा घरातच होते. न्हाणीघराच्या दारात पडलेले, आणि फोन आला तेव्हा जिवंत होते.

चौकशी झाली. चौकशीत वहिनी निर्दोष ठरली, कारण रेकॉर्डिंगमध्ये फोन करणारीने गाडी मागितलीच नव्हती, उलट राहू दे म्हणाली होती. कागद स्वच्छ. ती बाहेर आली तेव्हा आजोबांची मुलगी जिन्यात उभी होती. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला एकदाही वाटलं नाही का?" वहिनी घरी येऊन हे सांगत होती तेव्हा दादा हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन मिक्सर उघडून बसला होता. तो मिक्सर त्याने तसाच उघडा ठेवला. तिच्याकडे कसं बघावं हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

त्यानंतर दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखं तिचं झालं. प्रत्येक ताक फुंकायला लागली. कोणी म्हटलं शेजारी टीव्ही बंद आहे, की ही गाडी पाठवायची. गाड्या रिकाम्या परत यायच्या, ड्रायव्हर शिव्या घालायचे. कामावर जायच्या आधी ती बाथरूममध्ये नळ सोडून उलटी करायची, आणि नळाच्या आवाजात आम्हाला ऐकू येत नाही असं तिला वाटायचं. मला सगळं ऐकू यायचं. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहायचे आणि ती बाहेर आली की काहीतरी भलताच विषय काढायचे.

तिथून सुटायला एकच वाट होती. त्यांच्या विभागात एक नियम आहे की ज्याला लॉ कॉलेजात प्रवेश मिळेल, त्याला फोनवरून काढून कायदा शाखेत टेबलावर बसवतात, आणि संध्याकाळी कॉलेजला जाऊ देतात. वहिनीला वकील व्हायची हौस वगैरे काही नव्हती. तिला हेडफोन उतरवायचा होता. पण प्रवेश परीक्षेला वयाची अट होती आणि हे तिचं शेवटचं वर्ष. भाषा, सामान्य ज्ञान, कायद्याची ओळख, सगळ्यात ती बरी होती. रीझनिंगला मात्र वेगळी किमान मर्यादा होती, आणि तेवढे गुण नसतील तर बाकीचा पेपर सोन्याचा असला तरी कोणी बघत नाही.

क्लासही लावून झाला. शिकवणारा तिच्यापेक्षा लहान, फटाफट बोलणारा. "मॅडम, लॉजिक लावा," म्हणायचा. काय लावायचं, कुठे लावायचं, ते सांगायचा नाही. ती जिद्दीने बसायची. सकाळपाळी करून आली की जेवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून, घड्याळ लावून सराव परीक्षा सोडवायची. उत्तरं तपासायची. आणि रोज तेच, निम्म्याच्या आसपास. जितकं जास्त सोडवावं तितकं खाली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तिने पेन टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "माझं डोकंच गेलंय बहुतेक. आधी तिथे गेलं, आता इथेही गेलं." दादा पटकन म्हणाला, "अगं, नाही मिळालं तर नाही मिळालं." त्याला धीर द्यायचा होता, पण तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की तिला दार बंद झाल्याचा आवाज आला. मी दादाला डोळ्यांनी दटावलं. या माणसाला कुठे काय बोलावं ते कधीच समजलं नाही. लिफ्टशी बोलायची सवय.

परीक्षा दीड-दोन महिन्यांवर आली तेव्हा मीच पुस्तक हातात घेतलं. मला त्यातलं काही येत नाही. पण दवाखान्यात एक शिकले आहे, पेशंट 'दुखतंय' म्हणतो तेव्हा कुठला दात ते त्यालाही माहीत नसतं, एकेकावर टकटक करून बघावं लागतं. म्हटलं, "मी प्रश्न वाचते. तू उत्तर सांग. आणि ते का, तेही मोठ्याने सांग."

पहिला प्रश्न मी वाचला. एका शहरात काही चौकांत सिग्नल बसवले, नंतर तिथले अपघात कमी झाले, म्हणून सिग्नलमुळे अपघात कमी झाले, तर हे म्हणणं कशावर उभं आहे? मला साधं वाटलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली नसेल कशावरून? चौकातली रहदारीच कमी झाली नसेल कशावरून? तसा एक पर्याय होताही. वहिनीने तो बघितलाच नाही.

"अपघात कमी झालेच नाहीत," ती म्हणाली. "ते मागच्या गल्लीत गेले. सिग्नल चुकवायला लोक गल्लीतून गाडी घालतात. मी स्वतः गाड्या पाठवल्यात तिथे."

"अगं, पण गल्ली कुठे आहे यात?"

"असतेच गल्ली."

पुढचा प्रश्न. या रुग्णालयातल्या सगळ्या नर्स निळा गणवेश घालतात. दारात उभी असलेली बाई निळ्या गणवेशात आहे. तर ती नर्स आहे असं ठामपणे म्हणता येईल का? नाही, हे उत्तर तिने बरोबर दिलं. मी खूश झाले. मग तिने कारण सांगितलं, "नर्सला दारात उभं राहायला वेळ कुठे असतो? ती सफाईवाली असणार. आणि दारात का उभी आहे, तर पाय दुखत असतील बिचारीचे."

मी पुस्तक मिटून तिच्याकडे बघत राहिले. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं मी पाहिली होती, पण ही बाई सूत नसतानाही गाठत होती. आणि बरं, ती चुकत होती असंही मला म्हणता येईना. गल्ली खरंच असणार. त्या बाईचे पायही दुखत असणार. फक्त पुस्तकाला ते नको होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "तू फोन घेतेयस. हा फोन नाहीये. हे एवढंच आहे. जे म्हटलंय तेवढंच धरायचं. उरलेलं भरायचं नाही."

"कळतंय मला," ती म्हणाली. कळत होतं, पण वळत नव्हतं. आम्ही आठवडाभर तेच करत राहिलो. मी वाचायची, ती भरायची, मी ओरडायची. माझा आवाज चढला की ती मला मुद्दाम 'वन्सं' म्हणायची, "वन्सं, तुमच्या पेशंटना भूल देऊन मग ओरडता का अशाच?" एवढीच काय ती गंमत उरली होती घरात.

आणि एका दुपारी तो प्रश्न आला. मी पुढचं न बघता वाचत सुटले. "घरात माणूस असला की दिवा लागतोच. आज या घरात दिवा लागलेला नाही. तर पुढीलपैकी कोणता निष्कर्ष निघतो?" वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण शब्द तोंडातून गेले होते.

वहिनीने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "निष्कर्ष निघत नाही."

मी उत्तर बघितलं. निष्कर्ष निघत होता. घरात कोणी नाही, हाच. मी हळूच तसं सांगितलं.

"कोण म्हणतं माणूस असला की दिवा लागतोच?" ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "ज्याने हे लिहिलं त्याने जमिनीवर पडलेल्या माणसाला सांगून बघावं, उठ आणि दिवा लाव म्हणून. घरात कोणी नाही असं मी लिहू? परत?"

तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं, पण मी ते केलं नाही. आता सोडलं तर हे पुस्तक ती पुन्हा उघडणार नाही, आणि रोज सकाळी नळ सोडून उलट्या करत राहील, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, क असेल तर ख असतो. ख नाही. म्हटलं, "घर नाही, दिवा नाही, माणूस नाही. फक्त क आणि ख. आता सांग."

तिने कागदाकडे पाहिलं. "क नाही," ती म्हणाली. लगेच, न अडखळता. शाळेतल्या मुलीने पाढा म्हणावा तशी. मग ती उठली आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिली.

रोग सापडला होता. जिथे माणूस असेल तिथे वहिनी चुकायची. जिथे माणूस नसेल तिथे तिचं डोकं चाकूसारखं चालायचं. मग आम्ही माणसं काढायचा सपाटा लावला. प्रश्नात शिक्षिका आली की क, तिचे विद्यार्थी आले की ख, त्यांच्यापैकी जे खेळतात ते ग. आजारी मूल आलं की मी ते आधीच खोडून ठेवायची. हळूहळू तिला कागदही लागेना, मनातल्या मनात माणसं पुसून ती अक्षरं मांडायला लागली. गुण चढले. आधी थोडे, मग भराभर. एका रविवारी सराव परीक्षेत तिने किमान मर्यादा ओलांडली, तेव्हा दादाने खालच्या दुकानातून आइस्क्रीम आणलं आणि तीन जिने धावत चढून आला. त्या दिवशी आम्ही तिघं खूप हसलो. मला वाटलं, जिंकलो.

घरात काहीतरी बदललंय हे मला जरा उशिरा दिसलं. दादा कामावरून आला आणि म्हणाला, "भूक नाही." एरवी वहिनीने विचारलं असतं, काय झालं, कोणी काय बोललं. त्या दिवशी ती 'बरं' म्हणाली आणि त्याचं ताट उचलून ठेवलं. दादा रिकाम्या टेबलाशी बसून राहिला. मी एकदा फोनवर 'हॅलो' म्हटलं, आणि ती म्हणाली, "हं, बोल." खरं तर त्या दिवशी डॉक्टरांनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. मला रडू येत होतं, आणि ती विचारेल म्हणून मी थांबले होते. तिने विचारलं नाही. मी मनाशी म्हटलं, अभ्यासाचा ताण आहे, परीक्षा झाली की येईल ताळ्यावर. आपल्या सोयीचा निष्कर्ष माणसाला किती पटकन सुचतो.

परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. वहिनी कामावरून आली ती चपला न काढता स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली. मी विचारलं, काय झालं? मग तिने सांगितलं.

एका माणसाचा फोन होता. बायकोच्या पोटात दुखतंय म्हणाला. वहिनीने पडद्यावरचे प्रश्न विचारले. श्वास? व्यवस्थित. शुद्धीवर? हो. रक्त? नाही. तो म्हणाला, ती म्हणतेय गाडी नको, सकाळी बघू. वहिनीने कॉल 'साधा' केला. शेजारच्या खुर्चीवर मामा तीच लाइन ऐकत होता. त्याने हात लांब करून तिच्या पुढ्यातली कळ दाबली आणि कॉल तातडीचा केला. फोन सुरू झाला तेव्हा मागे बाई कण्हत होती. बोलता बोलता ते कण्हणं थांबलं होतं, आणि नवऱ्याला ते कळलंच नव्हतं. तिला पोटात आतून रक्तस्राव होत होता. गाडी पोचली, बाई वाचली.

"मला कण्हणं ऐकू आलं होतं," वहिनी म्हणाली. "थांबलं तेही ऐकू आलं होतं. पण ते कोणी म्हटलं नव्हतं ना. मी धरलंच नाही. मला तो माणूस ऐकूच येत नव्हता गं. मला क ऐकू येत होता."

मी तिच्या पायांतल्या चपला काढल्या. क आणि ख मीच शिकवले होते.

"आता मी काय करू ते सांग," ती म्हणाली. "हे शिकले तर तिथे कोणीतरी मरेल. हे विसरले तर परीक्षा गेली, आणि मग जन्मभर तिथेच बसायचं. आणि तिथे बसले की कधीतरी कोणीतरी मरणारच. मग मी कुठे जाऊ?" ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती खरंच उत्तर मागत होती, माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी जे करायचं ते तिने कोणाला न विचारता केलं. शिफ्टच्या प्रमुखाकडे गेली आणि आपण होऊन सांगितलं की काल माझ्याकडून चूक झाली, मामाने सावरली, परीक्षा होईपर्यंत मला फोनवरून उतरवा. मामाने म्हणे तिचा हात धरला होता, "बाई, मी बोललो का कोणाला काही? गप बस की." तिने ऐकलं नाही. प्रमुखाने तिला गाड्यांच्या चाव्या देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसवलं आणि तिच्या सेवेच्या नोंदीत शेरा मारला. आता नापास झाली तर परत त्याच खुर्चीवर, आणि वर हा शेरा. दादाला हे कळलं तेव्हा तो पहिल्यांदा तिच्यावर चिडला. "तुला कोणी सांगितलं होतं आ बैल मला मार म्हणायला?" ती म्हणाली, "ती बाई गेली असती तर तिच्या नवऱ्याला कोणी सांगायचं होतं?" दादा जिना उतरून निघून गेला. बऱ्याच वेळाने भाजी घेऊन परत आला, तीही नको असलेली.

परीक्षेच्या दिवशी मी रजा घेऊन तिच्याबरोबर गेले. केंद्र एका शाळेत होतं. फाटकाशी सगळी विशी-बाविशीची पोरं, त्यांचे आईवडील पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे. एका बाईने मला विचारलं, "तुमची मुलगी आत आहे का?" मी म्हटलं, "नाही, वहिनी." ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. वहिनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. मी विचारलं, कसा गेला? ती म्हणाली, "सगळ्यांना पुसलं. एकालाही राहू दिलं नाही." रिक्षात ती डोळे मिटून बसली होती. मला तिची भीती वाटली, आणि कीवही आली, आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी, आता निघेल ही तिथून, असा आनंदही होता.

ती पास झाली. नुसती पास नाही, रीझनिंगमध्ये तिचे गुण क्लासमधल्या त्या पोरसवदा मास्तरच्या सगळ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त होते. त्याने तिचा फोटो मागितला, फलकावर लावायला. वहिनीने दिला नाही. मामा पेढ्यांऐवजी बिस्किटांचा पुडा घेऊन आमच्याकडे आला, दोन जिन्यांनंतर थांबून थांबून चढला, आणि म्हणाला, "सुटलीस." तिने त्याला वाकून नमस्कार केला. सकाळचा नळ बंद झाला. कितीतरी दिवसांनी मी टॉवेल न घेता चहा प्यायले.

कायदा शाखेत ती रुजू झाली त्या पहिल्या आठवड्यात ती जरा सावध, जरा खूश अशी यायची. टेबल आहे, खिडकी आहे, कोणाचा फोन नाही. मग एका संध्याकाळी ती कॉलेजला गेलीच नाही. मी दवाखान्यातून आले तर ती स्वयंपाकघरात बसलेली.

"आज मला पहिलं काम दिलं," ती म्हणाली. "विभागावर दावा झालाय. एका घरी गाडी उशिरा गेली, माणूस गेला. त्याच्या बायकोने फोन केला होता. ते रेकॉर्डिंग ऐकायचं आणि लिहून द्यायचं, की तिच्या बोलण्यातून काय निष्कर्ष निघतो आणि काय निघत नाही."

"मग?"

"लिहिलं. साहेब म्हणाले, इतकं नेमकं त्यांच्याकडे आजवर कोणी लिहिलं नव्हतं. दावा उभाच राहणार नाही म्हणाले."

मी तिच्यासमोर बसले. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"ती फार घाबरली होती गं," वहिनी म्हणाली. "तिला बोलताच येत नव्हतं. नवरा समोर पडलेला, आणि ही आमची माफी मागतेय, उगाच त्रास देते म्हणून. पहिल्या शब्दाला मला कळलं की हा माणूस जाणार आहे. मी तिथे असते तर पत्ता ऐकायच्या आधी गाडी काढली असती."

"मग हे लिहायचं ना," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, पण ती मला 'वन्सं' म्हणाली नाही.

"कसं लिहिणार? ती तसं म्हणाली नाही."

मग दादा आला आणि दारातूनच त्याने विचारलं की जेवायला काय आहे.